दारामागची पिशवी आणि पाऊणकीचा पाढा

मुलांना कुठे न्यायचं याची यादी माझ्याकडे मागू नकोस. आपण दादरला राहतो. चालत दहा मिनिटांवर शिवाजी पार्क, त्याच्या मागे समुद्र, पूर्वेला रुळांपलीकडे गेलं की पारशी कॉलनीतली फाइव्ह गार्डन्स. एवढ्यात दोन मुलांचं अख्खं बालपण निघतं आणि यातल्या कुठल्याही ठिकाणी पैसे पडत नाहीत. चूक होते ती वेळेची. ऊन तापलेलं असताना, दुपारच्या अर्धवट झोपेतून उठवून, रिकाम्या पोटी मुलांना बाहेर काढायचं. मग ती अर्ध्या तासात किरकिरतात, मग भेळ, मग फुगा, मग टॅक्सी, आणि घरी आल्यावर आपण म्हणतो की हल्लीची मुलं बागेत रमतच नाहीत. तर जागा तीच ठेव आणि वेळ बदलत जा. तेच मैदान सकाळी साडेसहाला वेगळं, पावसाची सर येऊन गेल्यावर वेगळं, दिवेलागणीला वेगळं. लहान मुलांना नव्या जागेपेक्षा ओळखीच्या जागेतलं नवं लवकर दिसतं. ओळखीच्या जागी त्यांना भीती नसते ना, म्हणून.

समुद्राचं आधी सांगते, कारण तिथे वेळ चुकली तर नुसता विरस होत नाही, जिवावर बेतू शकतं. माझ्या लहानपणी दारावर मासे घेऊन येणारी कोळीणमावशी तिथीवरून भरती सांगायची. आम्हाला शाळेत पाऊणकी पाठ होती, त्यामुळे तिचा हिशेब लगेच कळायचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर, जो आकडा येईल त्या वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावस्या पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. त्यावरच हे गणित उभं आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवर त्या दिवसाची नेमकी वेळ बघायचीच. पण आधी थोरल्याला भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाठव, तिथी वाचू दे, पाऊणपट करू दे, आणि मग मोबाइलशी ताडून बघू दे. आठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांक शिकवायला याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

यातून काय निघतं ते बघ. चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावस्या, आणि त्याचा दुसरा दिवस, या संध्याकाळी ओहोटीच्या. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब आत जातं आणि ओली घट्ट वाळू खेळायला मिळते. तृतीया ते पंचमी या दिवसांत सकाळी आठ-नवाच्या पुढे ओहोटी. रविवारी अशी तिथी आली तर सोडू नकोस. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, शिवाय संध्याकाळी सहाला किनारा पाण्याने भरलेला. त्या दिवशी चौपाटीचा हट्ट करायचा नाही, सरळ मैदानात जायचं. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं आणि पाणी उलटायला लागलं की निघायचं. पाणी उलटलं हे मुलांनाच ओळखायला लाव. वाळूत एक काडी रोवायची आणि ती बुडली की चपला घालायच्या. तू हाका मारून निघायला लावलंस तर रडारड होते, काडी बुडाली तर कोणी रडत नाही.

ओल्या वाळूवर गेल्यावर तू बसून राहा. मुलांना काही दाखवू नकोस, ती शोधतील. जुहूला पाणी ओसरलं की वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटते. ती करणारा खेकडा नखाएवढा असतो. वाळूच्या कणांना चिकटलेलं बारीक अन्न तो खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पाऊल वाजलं की बिळात. धाकटीला सांग, पुतळ्यासारखी उभी राहिलीस तरच तो बाहेर येईल. चार वर्षांची मुलगी अशी न हलता उभी राहते हे मी पाहिलेलं आहे. घरात तिला ते कोणी सांगून जमणार नाही. दादरच्या वाळूत काचा आणि कचरा फार असतो, तिथे अनवाणी सोडायचं नाही, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही, हा नियम भरती असो की ओहोटी.

शंख वेचायला मुलांना आवडतं, पण घरी आणू देऊ नकोस. एक तर कित्येक शंखांत दुसराच खेकडा घर करून असतो, आणि रिकामे असले तरी उद्या त्याला तेच लागणार असतात, कारण तो वाढला की मोठा शंख शोधतो. हे एकदा मुलांना कळलं की ती स्वतःच दुसऱ्यांना सांगत सुटतात. दगड उलटून बघितला तर हलक्या हाताने पुन्हा तसाच ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. खडकाळ किनारा बघायचा असेल तर एकट्याने मुलांना घेऊन उतरू नकोस. शेवाळ निसरडं असतं आणि कालवांच्या धारेने तळवे फाटतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा जाणत्यांचा गट आहे, २०१७ पासून ते लोक ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यांवर माणसांना फिरवतात आणि तिथलं जीवन दाखवतात. पहिल्यांदा त्यांच्यासारख्यांबरोबरच जा. आपल्या शहराच्या कडेला प्रवाळ आहेत हे मला साठीनंतर कळलं, तुझ्या मुलांना ते आत्ता कळू दे.

जून ते सप्टेंबर मात्र वाळूवर उतरायचंच नाही. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी कापून फ्रिजवर चिकटव. त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभं राहून लाटा अंगावर घेणारी माणसं दिसतील, त्यांच्यात आपण नसायचं. रस्त्याच्या अलीकडून बघितल्या तरी लाटा तेवढ्याच मोठ्या असतात. ते चारपायी सिमेंटचे ठोकळे ठेवलेत ना, त्यांवर कुठल्याही ऋतूत मुलांचं पाऊल पडू द्यायचं नाही, आत घसरलं की काढणं कठीण. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखे जीव वाहत येऊन वाळूवर पडतात. मेलेले दिसले तरी त्यांचे लांब दोरे डंख मारतात. लागलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, जीवरक्षकाला दाखवायचं आणि डॉक्टर गाठायचा. गणपती विसर्जनानंतरही काही दिवस चौपाटीपासून लांबच राहा.

वर्षभराचा एक खेळ आहे, त्याला फक्त चिकाटी लागते. दादर चौपाटीवर एक जागा ठरव आणि पावसाळा सोडून दर महिन्याला तिथेच उभं राहून सूर्य कुठे मावळतो ते वहीत काढायला सांग. डिसेंबरात तो डावीकडे, वरळीच्या इमारतींमागे जातो. पुढे महिन्यामहिन्याने उजवीकडे सरकत मे महिन्यात सी-लिंकच्या पार पलीकडे पोहोचतो. उत्तरायण म्हणजे काय हे पुस्तकात वाचून जे समजत नाही ते त्या वहीत दिसतं.

आता मैदान. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. अवंतिकाबाई गोखले महापालिकेत होत्या, त्यांच्या आग्रहामुळे १९२७ साली शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. हे थोरल्याला सांग, कारण आपण ज्यावर खेळतो ती जागा कोणीतरी भांडून राखलेली असते हे मुलांना लवकर कळावं असं मला वाटतं. भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी आहे. धाकटीचा हात धरून कट्ट्यावरून एक फेरी, हा तिचा व्यायाम, आणि तोल सांभाळायची शिकवणीही. आत खेळायला सोडताना एक लक्षात ठेव. तिथे एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे डाव चालू असतात, आणि सीझनचा चेंडू कुठल्या बाजूने येईल सांगता येत नाही. लहान मुलांना पिचांच्या मधून चालवत नेऊ नये, कडेकडेनेच न्यावं. एखाद्या संध्याकाळी समर्थ व्यायाम मंदिराकडे जाऊन मल्लखांब बघा. आपल्याच वयाची पोरं उलटी लटकलेली पाहिली की घरी गेल्यावर पलंगावर काय काय चालतं ते बघशीलच, तेव्हा उशा खाली टाकून ठेव.

६ डिसेंबरला मैदान खेळायचं नसतं. राज्यभरातून, राज्याबाहेरूनही माणसं चैत्यभूमीला येतात आणि शिवाजी पार्कात थांबतात. त्या दिवशी मुलांना आवर्जून घेऊन जा, पण पुस्तकांच्या स्टॉलवर. अंगाखांद्यावर मूल घेऊन रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पुस्तकं विकत घेताना तुझ्या मुलांनी पाहायला हवीत.

मैदानात पोहोचल्यावर मुलं पहिली पंधरा-वीस मिनिटं ‘कंटाळा आला’ म्हणतात. तू हलायचं नाहीस. खेळ सुचवायचा नाही, मोबाइल काढायचा नाही, फोटो काढायचे तर आल्याआल्या दोन काढून टाक. तो कंटाळा ओसरला की खरं खेळणं सुरू होतं, आणि नेमकं त्याच्या आधीच आईबाप घाबरून काहीतरी हातात देतात. सोबतीला मुलं नाहीत ही तक्रार असेल तर लगोरी लावायची. फरशीचे सात तुकडे एकावर एक रच, रबरी चेंडू शेजारी ठेव आणि गप्प बस. पाच मिनिटांत दोन अनोळखी पोरं येऊन उभी राहतात, दहा मिनिटांत दोन संघ होतात. डबा ऐसपैस, विषामृत, साखळी, डोंगर का पाणी यांना तर काहीच सामान लागत नाही, फक्त नियम माहीत असलेलं एक मोठं माणूस लागतं. ते तू हो, एकच डाव खेळ आणि बाजूला हो. नंतरची भांडणं त्यांची त्यांनी मिटवायची. रक्त दिसलं तर उठायचं, नुसत्या आरडाओरड्याला उठायचं नाही.

झाडांसाठी फाइव्ह गार्डन्सला जा. मंचेरजी जोशी नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ती पारशी कॉलनी आखली आणि झाडांसकट आखली. आज आपण त्या सावलीत बसतो. तिथे मुलांना एकेक झाड नेमून दे. ‘हे तुझं’ एवढंच म्हणायचं. पुढे प्रत्येक वेळी गेल्यावर आपलं झाड बघून यायचं, फूल आलं का, शेंग आली का, पानं गेली का. रेन ट्रीची पानं संध्याकाळी आणि ढगाळलं की मिटतात, ती मिटताना बघायला साडेसहा-सातला वर मान करून थांबावं लागतं. देशी बदामाची पानं थंडीच्या शेवटी लालभडक होऊन गळतात. खाली पडलेली जुनी वाळकी बदामं दगडाने फोडली की आत बोटाच्या पेराएवढा गर निघतो, त्याची चव दुकानातल्या बदामाला नाही. पण हे झाड तुला स्वतःला पक्कं ओळखता आल्याशिवाय तोंडात काही घालू देऊ नकोस. आणि पिवळी कण्हेर पहिल्या दिवशीच दाखवून ठेव. तिच्या बिट्ट्यांशी आम्ही गोट्यांसारखे खेळायचो, पण ते फळ, बी, चीक, सगळं विषारी आहे. गुंजाही तशाच, लाल-काळ्या आणि देखण्या. लहान मुलं देखणं ते तोंडात घालतात, म्हणून धाकटी मोठी होईपर्यंत या दोन्हींना हात लावायचा नाही हे तिच्या कानावर सतत पडलं पाहिजे.

हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट वर्षातून एकदा पुरे. बसने जा, खिडकी पकडून. बाग ज्यावर आहे त्याच्या पोटात शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा आहे, हे थोरल्याला तिथे उभं असताना सांग, आधी नको.

आता पिशवी. ती दारामागच्या खिळ्यावर कायम भरलेली असली पाहिजे. मुलांना घेऊन निघायचं म्हटलं की तयारीतच तास जातो आणि म्हणून लोक जात नाहीत, पिशवी तयार असली की दहा मिनिटांत माणूस जिन्यात असतो. आत काय? एक जुनी चादर, दोन जाडे रुमाल, दोघांचा एकेक जुना कपड्यांचा जोड, ओलं ठेवायला प्लास्टिकची पिशवी, सुती दोरी, रबरी चेंडू, फरशीचे तुकडे, खडू, घरातला जुना कालथा आणि दोन डबे. कालथ्याने जेवढं खणलं जातं तेवढं त्या रंगीत फावड्यांनी जात नाही, ती पहिल्याच दिवशी मोडतात. हळद-कापूस असतोच, त्याबरोबर पट्ट्या आणि जंतुनाशक मलम ठेव. पाणी आणि खाणं तेवढं निघताना घ्यायचं. कोरडी भेळ कालवायची नाही, चुरमुरे-फरसाण वेगळं, कांदा-कैरी वेगळी, तिथे गेल्यावर मुलांनी कालवायची. दाणे-गूळ, काकडी, दशम्या. भाजणीचं थालीपीठ गार झालं तरी चांगलं लागतं.

पोहोचल्यावर आधी खायला द्यायचं, खेळ नंतर. पोट भरलेलं असलं की गोळेवाला, फुगेवाला समोरून गेला तरी मुलं मान वळवून बघतात आणि परत खेळायला लागतात. एखाद्या दिवशी बाहेरचं घ्यायचं असेल तर ते घरातून निघतानाच सांगून टाक, आणि नाही म्हटलं असेल तर नाहीच. आज रडल्यावर मिळालं तर पुढच्या खेपेला चौपाटीच्या तोंडाशीच रडणं सुरू होईल.

हरवण्याची गोष्ट निघण्याआधी बोलायची, घाबरवून नाही, साधेपणाने. आई दिसली नाही तर जागचं हलायचं नाही, जोरात आईचं नाव घेऊन हाक मारायची. ‘आई’ अशी हाक मारली तर दहा जणी वळून बघतात, नाव घेतलं तर तूच बघशील. थोरल्याला मैदानातला महाराजांचा पुतळा दाखवून ठेव, हाका मारूनही आई आली नाही तर त्याने तिथे यायचं. दोघांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिही. धाकटीला आईबाबांचं पूर्ण नाव आणि आडनाव सांगता आलं पाहिजे. ‘बाबांचं नाव बाबा’ एवढ्याने पोलीस काय करणार? रंगीत, भडक कपडे घाल. गर्दीत पांढरं आणि निळं हरवतं.

पावसाळ्यात चार महिने घरात कोंडू नकोस. सर थांबली की मैदानातल्या चिखलात फुटबॉल खेळू दे, कपडे धुता येतात. फक्त रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून मुलांना चालवायचं नाही, आणि पायाला खरचटलेलं असेल तर चिखलातही उतरू द्यायचं नाही. लेप्टो कसा होतो ते या शहराला चांगलं ठाऊक आहे. पुढे ताप आला तर डॉक्टरांना चिखलात खेळल्याचं आवर्जून सांगायचं. घरी आल्यावर आधी पाय, मग हात, मग बाकीचं, आणि हे सगळं बाथरूमच्या दारात.

दोघं मोठी माणसं बरोबर असाल तेव्हा सगळ्यात जास्त लक्ष ठेव. दोघांनाही वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे, आणि कोणाचंच नसतं. आम्ही दोघं एकमेकांना तोंडाने सांगायचो, ‘आता तुमची नजर’, आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय मी पाठ वळवत नसे. जावईबापूंना हे सांगायला संकोच करू नकोस. आणि पलीकडच्या बिऱ्हाडातल्या मुलालाही अधूनमधून घेऊन जात जा. त्याची आई रविवारी कामावर असते. जाताना तिचा नंबर घे, त्याला काय खाल्लेलं चालत नाही ते विचार, आणि त्याचाही जुना कपड्यांचा जोड पिशवीत टाकून ठेव.